लोकांना सायकलवर आणायचंय? मग आधी भाषण बंद करा

मी सुरुवातीला जे जे केलं ते सगळं चुकलं होतं हे आधीच सांगून टाकतो. सायकल चालवायला लागल्यावर पहिलं वर्षभर जो भेटेल त्याला पकडून सांगायचो, पेट्रोल वाचतं, पोट कमी होतं, प्रदूषण होत नाही, तुम्ही पण घ्या ना सायकल. सगळे मान हलवायचे, "हो रे खरंय, घ्यायला पाहिजे एकदा" म्हणायचे आणि गाडीची किल्ली फिरवत निघून जायचे. वर्षभरात माझ्या बोलण्याने सायकलवर आलेली माणसं शून्य, वर दोघंतिघं मला लांबून बघून रस्ता बदलायला लागले असतील तर तेही नवल नाही.

मग एकदा काय झालं, आमच्या जिन्याखाली शेजाऱ्यांची एक सायकल कित्येक महिने पडून होती, दोन्ही टायर सपाट आणि सीटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. माझी सायकल काढताना पंप हातात होताच म्हणून त्यांना विचारून त्यांच्या टायरमध्ये पण हवा भरली. मागचं टिकलं, पुढचं रात्रीतून बसलं, मग ट्यूब बदलली, चेन पुसून तेल सोडलं, वीसेक मिनिटांचं काम. तोंडातून पर्यावरणाचा प पण काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सायकल जागेवर नाही, मला वाटलं चोरीला गेली! शेजारी कोपऱ्यावर सामान आणायला घेऊन गेले होते.

माणसाला सायकल चांगली असते हे पटलेलं असतंच हो, त्याचं घोडं भलतीकडेच कुठेतरी अडलेलं असतं. ते कुठे अडलंय ते शोधायचं आणि तेवढंच सोडवायचं.

घोडं कुठे अडलंय

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रॉजर गेलर नावाचे सायकल कोऑर्डिनेटर होते, त्यांनी आपल्या शहरातल्या लोकांचे अंदाजाने चार गट पाडले होते. कशालाच न घाबरणारे एक टक्क्याहून कमी, बऱ्यापैकी आत्मविश्वासाने चालवणारे ७ टक्के, काही झालं तरी सायकलवर न बसणारे ३३ टक्के आणि उरलेले ६० टक्के म्हणजे "चालवायला आवडेल पण भीती वाटते" वाले. आकडे त्यांच्या शहराचे आणि अंदाजाचे, ते सगळीकडे जसेच्या तसे लावू नका, पण गट मात्र कुठेही गेलात तरी दिसतात. आपली चूक ही होते की आपण त्या ३३ टक्क्यांशी वाद घालत बसतो. ऑफिसात एक जण असतोच जो म्हणतो सायकल म्हणजे टाइमपास, आणि आपण लंच टाइम सगळा त्याच्यावर घालवतो. पालथ्या घड्यावर पाणी आहे ते, सोडून द्या. त्याच टेबलावर जी गप्प बसून ऐकत होती आणि नंतर हळूच विचारते की "तुला ट्रकची भीती नाही वाटत?", ती तुमची माणूस.

अशा माणसाला सल्ला द्यायच्या आधी विचारा की शेवटची सायकल कधी चालवली होती आणि मग का सुटली. याचं उत्तर ऐकाच नीट. कोणी म्हणेल सायकल बिघडली ती दुरुस्तच झाली नाही, कोणी एकदा पडलं, कोणाला तो एक मोठा चौक नको वाटतो, कोणी सांगेल ऑफिसला घामाघूम पोचायला लाज वाटते. बायका बऱ्याचदा सांगतात की रस्त्यावरच्या शेरेबाजीचा वैताग येतो, आणि "दुर्लक्ष करायचं गं" हे त्याचं उत्तर नाही, सोबत जाणं किंवा वर्दळीचा आणि नीट लाइट असलेला दुसरा रस्ता शोधून देणं हे उत्तर. आणि काही जणांना सायकल येतच नसते पण ते सांगायची लाज वाटते, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

पडून असलेली सायकल आधी उठवा

नवीन घ्यायला लावू नका. बहुतेकांच्या घरात किंवा नातेवाइकांकडे एखादी पडून असते. ती तपासताना क्रम हाच ठेवा: हवा, ब्रेक, चेन, मग सीट.

टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते छापलेलं असतं, पीएसआय या हवेच्या दाबाच्या मापात, बहुतेक टायरवर कमीतकमी आणि जास्तीतजास्त दोन्ही आकडे असतात. रबराला बारीक भेगा पडलेल्या असतील तर टायरच बदला, उगाच पहिल्याच राइडला फुटायचा. ब्रेक दाबल्यावर पॅड रिमवर बसतोय का टायरला घासतोय ते डोळे बारीक करून बघा, टायरला घासत असेल तर तो टायर कापत जातो आणि एक दिवस धडाम. चेनला तेल घालताना लोक वरून ओततात आणि सगळं पँटला लागतं, तसं नाही करायचं, पायडल उलटं फिरवत फिरवत एकेका कडीवर थेंब सोडायचा, जरा मुरू द्यायचं आणि मग वरचं सगळं तेल फडक्याने पुसून काढायचं, तेल आत पाहिजे, बाहेर राहिलेल्या तेलावर फक्त धूळ चिकटते.

आता सीट, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण निम्म्या लोकांचा सायकलवरचा राग हा खरं तर चुकीच्या उंचीच्या सीटवरचा राग असतो. मोठी माणसं सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सेफ वाटतं ना. पण मग पायडल मारताना गुडघे छातीपर्यंत येतात, दहा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि माणूस म्हणतो माझं वय झालं आता. सायकल भिंतीला लावा, त्यांना वर बसवा, एक पायडल पार खाली न्यायला सांगा आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला पाहिजे. मग नेहमीसारखा पंजा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, ती बरोबर उंची. नवख्या माणसाला एकदम तिथे नेऊ नका, घाबरतो, आज दोन बोटं वर घ्या, चार दिवसांनी अजून थोडी. एका बाईंची सीट अशी तीन टप्प्यांत वर नेली तर त्या म्हणाल्या "ही दुसरीच सायकल आहे का?" सायकल तीच होती.

मोठ्या माणसाला शिकवायचं असेल तर

मागून सीट धरून पळायचं विसरा. तुमची कंबर जाते आणि त्यांचा तोल येत नाही. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून टाका. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते सैल करायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, हे माहीत नसल्यामुळे मी एकदा अर्धा तास ते अजून घट्ट करत बसलो होतो.) सीट इतकी खाली करा की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. मग मोकळ्या सपाट जागेत पायाने ढकलत ढकलत चालायचं, मग जरा लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून जेवढं जाईल तेवढं जायचं. नजर समोर, चाकाकडे बघितलं की पडलंच. ब्रेक याच टप्प्यात शिकवा. पाच-सहा सेकंद पाय वर राहायला लागले की पायडल लावायचे. कोणाला एका दिवसात येतं कोणाला चार दिवस लागतात, आणि हे सगळं जिथे लोक बघत उभे राहणार नाहीत अशा ठिकाणी करा, मोठ्या माणसाला पडण्यापेक्षा लोक हसतील याची भीती जास्त असते.

पहिली राइड

पहिल्या राइडला माणूस एकतर कायमचा येतो नाहीतर कायमचा जातो. म्हणून ती लहान ठेवा, दोन-तीन किलोमीटर बास, सुट्टीच्या दिवशी सकाळी, आणि जाऊन परत येण्यासारखं काहीतरी कारण पाहिजे, उगाच गोल गोल नको.

रस्ता तुम्ही आदल्या दिवशी स्वतः चालवून बघा. गाडीने जायचा रस्ता आणि सायकलने जायचा रस्ता वेगळा असतो हे गाडीवाल्यांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं सायकल म्हणजे त्याच मोठ्या रोडच्या कडेने जीव मुठीत धरून जायचं. आतल्या गल्ल्यांमधून अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल. सपाट रस्त्यावर निवांत चालवलं तरी ताशी १५ किलोमीटर पडतात, म्हणजे पाच किलोमीटरला वीस मिनिटं, सिग्नल धरून पंचवीस. हा हिशोब ऐकून लोक चकित होतात कारण त्यांच्या डोक्यात पाच किलोमीटर म्हणजे मोहीम असते.

सोबत जाताना जो कच्चा आहे तो स्पीड ठरवणार, तुम्ही नाही. हेल्मेट घाला, संध्याकाळ होणार असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट लावा, पण निघायच्या आधी अपघातांवर लेक्चर नको. दोनच गोष्टी सांगा. एक, ट्रॅफिकच्या दिशेनेच चालवायचं, उलटं कधीच नाही. दोन, उभ्या गाड्यांपासून दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं, साधारण एक मीटर, मग मागचा हॉर्न वाजवेना का. याच्यावरून आठवलं, तुमच्या ओळखीच्या गाडीवाल्यांना एक सवय लावा, दार उघडताना दाराजवळच्या हाताने नाही, लांबच्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. याला डच रीच म्हणतात, काही खर्च नाही काही नाही.

घामाचं उत्तर म्हणजे हळू चालवा आणि पाठीवरची बॅग कॅरिअरला लावा, पाठ अर्धी कोरडी राहते, एक शर्ट ऑफिसात ठेवून द्या. चोरीचं उत्तर चांगलं कुलूप, आणि कुलूप फक्त चाकाला नाही, फ्रेमसकट पक्क्या खांबाला. आणि व्यायामाचं कोणी विचारलंच तर एवढंच सांगा की जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, रोज जाताना १५ आणि येताना १५, पाच दिवस, झाले १५०. जिमची फी भरून न जाण्यापेक्षा बरं.

एकाचे दोन, दोनाचे दहा

ग्रुप काढायचा मोह होईल. काढा, पण वेगवान लोकांचा नको. मी बघितलंय, सुरुवातीला सगळे हौशी येतात, मग दोघं-तिघं टाइट कपडे घालून ॲव्हरेज स्पीडचे स्क्रीनशॉट टाकायला लागतात आणि बाकीचे गपचूप ग्रुप सोडतात. नियम एकच, कोणालाही मागे सोडायचं नाही. पुढे एक रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे एक पंप आणि पंक्चरचं सामान घेतलेला, बाकी सगळे मधे. वार आणि वेळ ठरलेली ठेवा, पाऊस असला तरी दोघं तरी निघायचंच, लोकांना भरवसा पाहिजे की गेलं तर कोणीतरी असणार.

मुलांसाठी सगळ्यात भारी प्रकार म्हणजे सायकल बस. बार्सिलोनात २०२१ मध्ये याचे व्हिडिओ जगभर फिरले होते, अख्खा रस्ता भरून पोरं शाळेत चाललीत. करायला अजिबात अवघड नाही. शाळेचा एक रूट ठरवायचा, त्यावर थांबे आणि प्रत्येक थांब्याची वेळ, पालक पुढे-मागे-कडेला, पोरं मधे, आणि जसजसे थांबे येतील तशी पोरं जोडत जायची. आठवड्यातून एकच दिवस ठेवा, रोजचं केलंत तर महिन्यात पालक दमतात. मोठं काम म्हणजे जे पालक एरवी कुठल्याही सह्यांच्या मोहिमेत नसतात ते स्वतः त्या रस्त्यावर सायकलवर येतात आणि पहिल्यांदा त्यांना कळतं की तो वळणावरचा खड्डा आणि ती सुसाट गाडी काय चीज आहे. तिथून पुढचं बोलणं सोपं जातं.

आता रस्ता मागायचा

कारण कितीही हवा भरली आणि कितीही सोबत गेलं तरी रस्ता तसाच राहिला तर ते भीती वाटणारे साठ टक्के परत घरी बसणार. इथे कोणीतरी हमखास म्हणतं, नेदरलँड्सचं सोडा हो, त्यांची पहिल्यापासूनच संस्कृती आहे. साफ चूक. तिकडे पण दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांनी रस्ते भरले, सायकली कमी होत गेल्या, आणि १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यावर ४०० हून जास्त मुलं मेली. त्यावरून चिडलेल्या आईबापांनी आंदोलन उभं केलं, नावच होतं "मुलांचे खून थांबवा", रस्ते अडवले, सायकली घेऊन निदर्शनं केली. वर १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि सरकारला रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, लोकांनी रिकामे रस्ते डोळ्यांनी बघितले. आज दिसतात ते सायकल ट्रॅक त्यानंतरच्या पन्नास वर्षांच्या मागण्यांचे आहेत. थंडीचं कारण सांगणाऱ्यांना फिनलंडमधल्या औलू शहराचं सांगा, तिथे बर्फात पण लोक सायकल चालवतात कारण सायकलच्या वाटांवरचा बर्फ वेळेवर काढला जातो.

मागणी करताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "सायकलस्नेही शहर हवे" या निवेदनावर साहेब हसतमुखाने फोटो काढतील आणि ते फाइलला लागेल. तीन जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवलेला, त्या दिवशी टीशर्ट घालून रॅली काढायची आणि चार तारखेला सगळे परत गाडीत, हेही बघून झालंय. त्यापेक्षा एक ठिकाण घ्या, एक त्रास घ्या, एक उपाय मागा. या चौकात या वळणावर गाड्या वेगात वळतात, इथे कोपरा आवळून खांब लावा. बास. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर साधारण चौपट होतं, त्यामुळे वेग कमी करायची मागणी ट्रॅकच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे आणि बऱ्याचदा स्वस्त पण पडते.

मागायच्या आधी मोजा. कागद-पेन घेऊन एका ठिकाणी एक तास उभं राहायचं, आठवड्यातला एकच वार आणि तीच वेळ धरून तीन-चार आठवडे. रेघा मारायच्या: सायकली किती, त्यात बायका किती, लहान मुलं किती, उलट्या दिशेने येणारे किती, फुटपाथवरून जाणारे किती. बायका आणि मुलांचा रकाना वेगळा ठेवाच, जिथे रस्ता भीतीदायक असतो तिथे आधी हेच दोन रकाने रिकामे होतात. आणि फुटपाथवरून जाणाऱ्यांना शिव्या घालायच्या आधी बघा की ते नेमके कुठे फुटपाथवर चढतायत, त्याच ठिकाणी रस्ता अडचणीचा असतो. सोबत तारीख-वेळेसकट फोटो. मीटिंगमध्ये "खूप लोक सायकल चालवतात" म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही, "मंगळवारी आठ ते नऊ ११८ सायकली, त्यात मुलं फक्त ३" असं म्हणणाऱ्याला खुर्ची देतात. (हा आकडा उदाहरणादाखल आहे, तुमचा तुम्ही मोजा.)

आणि एकटे सायकलवाले जाऊ नका. व्हीलचेअरवाले, म्हातारी माणसं, बाबागाडी ढकलणारे, शाळेचे पालक, सगळ्यांना तोच चौक नडतो. दुकानदारांशी आधीच बोला, नंतर नाही. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाईल ही त्यांची भीती खरी असते, खोटं ठरवायला जाऊ नका, त्यांच्यासोबत उभं राहून गिऱ्हाइकं कशाने येतात ते मोजा. बऱ्याच शहरांत असे सर्व्हे झालेत आणि गाडीने येणारे किती याचा दुकानदारांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्तच निघालाय. शिवाय एका गाडीच्या जागेत आठ-दहा सायकली लागतात. स्टँड मागताना उलट्या यू आकाराचे पाइप मागा, ज्याला फ्रेम बांधता येते, ते पुढचं चाक अडकवायचे छोटे स्टँड नकोत, त्यात धक्का लागला की रिम वाकडी.

ट्रॅक बनवा म्हणून थेट कायमचं बांधकाम मागितलं की सगळेच बिचकतात. तात्पुरतं मागा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून ठरलेल्या दिवशी रस्ते गाड्यांना बंद ठेवायची पद्धत आहे, दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोन, शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते लोकांना मोकळे. पॅरिसमध्ये २०२० च्या साथीत खांब आणि पिवळे पट्टे टाकून रातोरात सायकल लेन केल्या, त्यातल्या बऱ्याच नंतर कायमच्या झाल्या. तुमच्याकडे एका गल्लीत, एका सुट्टीच्या दिवशी, चार तास एवढंच मागा. आणि जे मागाल ते जोडलेलं मागा. स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ नंतर काही वर्षांत गाड्यांपासून वेगळं, एकमेकांना जोडलेलं शंभर किलोमीटरच्या वरचं जाळं केलं आणि सायकली कित्येक पटीने वाढल्या. तीनशे मीटरचा सुंदर ट्रॅक जो एका नाल्यापाशी संपतो, तो न झालेला बरा, कारण मग सगळे म्हणतात बघा दिलं तरी कोणी वापरत नाही.

निवेदन दिलं की पोच घ्या, महिन्याने त्याच माणसाला फोन करा, परत महिन्याने करा. काम झालं तर त्या इंजिनिअरचं नाव घेऊन जाहीर आभार माना, त्याला सुद्धा आजपर्यंत फक्त शिव्याच मिळालेल्या असतात आणि पुढच्या वेळी तो तुमचा फोन उचलतो. नाही झालं तर परत मोजणीला उभे राहा. हे रटाळ आहे, मान्य, म्हणून याला तीनच माणसं ठेवा आणि बाकीच्यांना नुसती सायकल चालवू द्या, सगळ्यांना मीटिंगला ओढलंत की सगळेच पळतील.

त्या शेजाऱ्यांचं सांगायचं राहिलं. ते आता रोज चालवतात असं काही नाही, आठवड्यातून तीन-चारदा. पण परवा माझं टायर बसलं म्हणून पंप शोधतोय तर सापडेना. त्यांनी नेला होता मागे कधीतरी, त्यांच्याकडून वरच्या मजल्यावर गेला, तिथून त्यांच्या मेव्हण्याकडे, आणि मेव्हण्याकडे पण नाहीये आता.